वसई प्रांतातील फिरंगी घरांची अंतर्रचना (१५३४–१७३९)

१

वसईच्या किल्ल्यापासून उत्तरेस आगाशीपर्यंत समुद्राला समांतर जो बागायतीचा पट्टा पसरला आहे, त्यात वटार हे गाव येते. जवळच प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे. उत्तरेस अर्नाळ्याचा जलदुर्ग. आणि दक्षिणेस ज्याच्या तटाखाली १७३९ मध्ये मराठ्यांच्या इतिहासातील एक मोठे युद्ध लढले गेले तो वसईचा किल्ला. या तिन्ही स्थळांचा अभ्यास आजवर विपुल झाला आहे. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उघडला. वसईच्या मोहिमेची पत्रे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडून प्रसिद्ध केली. तटबंदीचे व चर्चच्या भग्नावशेषांचे वर्णन डॉ. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्येच केले होते. परंतु या प्रदेशावर दोनशे पाच वर्षे सत्ता गाजविणारे धनिक ज्या घरांत राहिले त्या घरांच्या अंतर्भागाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

याचे कारण साधनांच्या स्वरूपात आहे. तट, बुरूज, चर्चचे दर्शनी भाग ही दगडाची कामे असल्याने टिकली. घराचा अंतर्भाग मात्र लाकूड, कापड, शिंपले, लाख आणि चुन्याचा गिलावा यांचा बनलेला असतो, आणि मालक गेला की तो सर्वांत आधी नाहीसा होतो. किल्ल्यातील भिंतींत आज तुळयांची छिद्रे दिसतात. तुळया दिसत नाहीत. तेव्हा या घरांच्या अंतर्रचनेचा शोध घेताना अभ्यासकाला तीन प्रकारच्या साधनांवर विसंबावे लागते: परकीय प्रवाशांची वर्णने, अन्यत्र टिकलेल्या समकालीन वस्तू, आणि मराठी भाषेत राहून गेलेले शब्द. या तिन्हींचा मेळ घातला असता जे चित्र उभे राहते, त्याचा विचार येथे केला आहे.

२

प्रथम या वैभवाचा आर्थिक पाया लक्षात घेतला पाहिजे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई व तिच्या अंमलाखालील मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्हा याच्या स्वाधीन केला. पुढे साष्टी, ठाणे, मुंबई ही ठिकाणेही वसईच्याच अधिकारक्षेत्रात मोडत होती. पोर्तुगीज राजसत्तेने येथील गावे सेवेचे बक्षीस म्हणून आपल्या सरदारांना, सैनिकांच्या कुटुंबांना व धर्मसंस्थांना लावून दिली. हा पट्टा साधारणतः तीन पिढ्यांपुरता असे. पट्टेदाराने सरकारास ठराविक ‘फोर’ भरावा, प्रसंगी घोडा व शस्त्रे घेऊन हजर व्हावे, आणि उरलेले उत्पन्न स्वतः उपभोगावे, अशी व्यवस्था होती. १५५४ मध्ये सिमाँव बोतेल्यु याने तयार केलेल्या ‘तोंबो’ मध्ये वसईच्या वसुलाची नोंद आहे.

या व्यवस्थेतून एक शहरवासी जमीनदारवर्ग निर्माण झाला. तो तटाच्या आत राहत असे आणि त्याचा पैसा तटाबाहेरच्या भातशेतीतून, वाड्यांतून आणि मिठागरांतून येत असे. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात १६३४ च्या सुमाराची जी आकडेवारी उद्धृत आहे, तीनुसार वसईत ४०० पोर्तुगीज कुटुंबे, २०० एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबे आणि शस्त्र धरू शकतील असे १,८०० गुलाम होते. म्हणजे दर कुटुंबामागे सरासरी तीन सशक्त गुलाम पडतात. स्त्रिया व मुले यांची गणती त्यात नाही. वसईच्या दिवाणखान्याचे वर्णन वाचताना हा आकडा दृष्टीआड करून चालणार नाही.

३

शहरातील घरांचे सर्वांत उपयुक्त वर्णन इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याचे आहे. १६७५ मध्ये तो एका पोर्तुगीज धनिकाच्या मुलीवर उपचार करण्यासाठी वसईस गेला होता. म्हणून त्याची नजर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रवाशाची नाही, घरात प्रवेश मिळालेल्या माणसाची आहे. त्याने भव्य घरे, त्यांचे छपराखालील सज्जे आणि दोन मजले उंचीच्या मोठ्या खिडक्या यांचा उल्लेख केला आहे. या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती. जेथे शिंपले नव्हते तेथे लाकडी जाळी होती, असे तो सांगतो.

या एका तपशिलात घराच्या अंतर्रचनेचे बरेचसे मर्म सामावले आहे. पश्चिम किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका जातीच्या कालवाचा शिंपला चपटा, पातळ व अर्धपारदर्शक असतो. त्याच्या कडा कापून लहान चौकोनी तुकडे करीत आणि ते लाकडी पट्ट्यांच्या बारीक चौकटीत ओळीने बसवीत. शिंपल्याचा आकार लहान, म्हणून चौकटीचे घरही लहान. त्यामुळे मोठी खिडकी म्हणजे शेकडो तुकड्यांची मांडणी होई, आणि ती सुताराच्या कौशल्यावर अवलंबून असे. काच युरोपातून आणावी लागे, ती महाग व फुटणारी होती. शिंपला किनाऱ्यावरच मिळे. शिवाय तो प्रकाश आत घेई, परंतु उन्हाची तिरीप अडवी; पावसाळ्यात झड बाहेर ठेवी; आणि आतील माणूस बाहेरच्यास दिसू देत नसे. फिरंगी कुटुंबांतील स्त्रियांचे एकांतवासाचे रिवाज पाहता हा शेवटचा गुणही महत्त्वाचा ठरतो. गोव्यातील जुन्या घरांत अशी तावदाने आजही पाहावयास मिळतात. त्यांतून येणारा दुधी, सावलीरहित प्रकाश अनुभवला म्हणजे वसईच्या दिवाणखान्याची कल्पना करता येते.

घराची मांडणी सामान्यतः दुमजली असे. तळमजला कोठार, तबेला व चाकरमाणसे यांच्याकडे. राहण्याचा मजला वरचा. या वरच्या मजल्याच्या घराला पोर्तुगीज भाषेत ‘सोब्राडो’ म्हणतात. दमट हवा, पावसाचे पाणी आणि रस्त्यावरची वर्दळ यांपासून वर उचललेले हे घर समुद्राचा वारा घेण्यास सोयीचे होते. त्याच्या उभारणीचे साहित्य बहुतांशी प्रांतातलेच होते. वसईचा काळा दगड इतका नावाजलेला होता की, गोव्यातील बॉम जेझूसच्या चर्चसाठी, जे १६०५ मध्ये पूर्ण झाले, कोरीव कामाचा दगड वसईहून नेण्यात आला. येथील जंगलांतील साग जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होता. तोच साग घराच्या तुळया, तक्तपोशी व दारे यांना लागे. यावरून वास्तूचा आराखडा व राहण्याची रीत परकीय असली, तरी घराचे शरीर येथल्याच दगडालाकडाचे होते असे म्हणता येते.

ही घरे निर्भय नव्हती. मे १६१८ मध्ये झालेल्या भीषण वादळाने वसईतील घरांची व चर्चची छपरे उद्ध्वस्त केली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरची चर्चे लुटली, आणि शहरातील शिबंदी तटाआडून पाहत राहिली. धनिकांनी आपली मौल्यवान चीजवस्तू तटाच्या आत ठेवणे का पसंत केले असावे, हे अशा घटनांवरून कळते.

४

तथापि वर्षाचा सर्व काळ तटाच्या आत काढणे या वर्गाला रुचत नव्हते. नेपल्सचा प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ मध्ये वसईस आला. तो शहराबाहेरील ‘कासाबो’ नावाच्या, सुमारे पंधरा मैल लांबीच्या प्रदेशाचे वर्णन करतो. ‘कासाबो’ हे उघडच ‘कसबा’ या शब्दाचे रूप आहे. हा सारा भाग फळबागांनी भरलेला असून यंत्रांनी पाणी देऊन तो सदा हिरवा ठेवला जाई, आणि तेथील गारव्यामुळे प्रत्येक प्रतिष्ठित कुटुंबाचे उन्हाळी घर तेथे होते, असे तो नमूद करतो. शहरात पसरलेल्या सांसर्गिक तापापासून दूर राहणे हेही या घरांचे एक प्रयोजन होते.

कारेरीने ज्यांना यंत्रे म्हटले ते बागायतदारांचे रहाट होत, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वसई परिसरातील वाड्यांचे जीवन विसाव्या शतकापर्यंत रहाटाभोवतीच फिरत होते. केळी, पानवेली, नारळ, सुपारी व फुले यांच्या या पट्ट्याचे भौगोलिक वर्णन आणि अंतर लक्षात घेता निर्मळ, वटार, नंदाखाल, आगाशी ही गावे कारेरीच्या कसब्यातच, किंवा त्याच्या अगदी कडेस, पडतात. म्हणून वटारचा इतिहास हा केवळ एका खेड्याचा इतिहास राहत नाही. शहरातील श्रीमंत घराचा तो एक बाहेरचा दालनच होता: जेथे उन्हाळा घालवावयाचा ते दालन.

या उन्हाळी घरांत चैनीची कल्पना वस्तूंपेक्षा हवेशी निगडित होती. खाडीपलीकडील घराची फ्रायरने दिलेली माहिती येथे उपयोगी पडते. घोडबंदर येथील पट्टेदार मार्टिन आल्फोन्सो हा गोव्याच्या उत्तरेकडील सर्वांत धनाढ्य सरदार असल्याचे तो सांगतो, आणि ठाण्याच्या बाजूस जुआंव द मेलो याच्या घराकडे जाणारा चढ टप्प्याटप्प्याने, विसाव्याच्या जागा ठेवून, बागेतून कसा नेला होता तेही वर्णितो. येथे उद्यान हे घराच्या अंतर्भागाचे पुढे वाढविलेले अंग आहे. बसण्याची खोली भिंतीपाशी संपत नाही. ती सज्जातून, पायऱ्यांतून, झाडांच्या सावलीत जाते.

अशा घराला सार्वजनिक महत्त्वही असे. मुंबई बेटाचा ताबा इंग्रजांना देण्याचा विधी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी पार पडला, तो बेटाची त्या वेळची पट्टेदारीण दोना इग्नेझ द मिरांदा या विधवा स्त्रीच्या मोठ्या घरात. सोळाव्या शतकात याच बेटाचा पट्टा वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता याच्याकडे होता. एका बेटाचे स्वामित्व खासगी दिवाणखान्यात हस्तांतरित होते, यावरून त्या दिवाणखान्याचे स्थान ध्यानी येते. तो कुटुंबाची बसण्याची खोली होता. त्याचबरोबर कचेरी आणि दरबारही होता.

५

आतल्या सामानाविषयी वसईपुरते सलग वर्णन हाती लागत नाही. परंतु त्या काळच्या फिरंगी घरात काय असे हे यान हुइगेन व्हान लिन्स्कोटेन याच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून ठरविता येते. १५८३ ते १५८८ या काळात तो गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. सिंधच्या कारागिरांच्या शिंपजडावाच्या पेट्या व लेखनमेजे, आणि खंबायतकडील पलंग व रजया यांची त्याने वाखाणणी केली आहे. ठाण्याचे रेशमी विणकाम तर वसईच्या दाराशीच होते. चीनची भांडी आणि बंगालच्या भरतकामाच्या रजया पोर्तुगीज व्यापाराबरोबर सर्व किनाऱ्यावर पोहोचत.

या सामानातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वस्तू ‘कोंतादोर’ ही होय. असंख्य लहान खणांची ही पेटी साग व शिसवी यांची असे. तिच्या पृष्ठभागावर हस्तिदंताची व काळ्या लाकडाची भौमितिक जडणी असे, आणि कित्येकदा तिचे पाय नागकन्यांच्या किंवा मानवमुखी प्राण्यांच्या आकाराचे असत. पाश्चात्त्य उपयोगाची ही वस्तू हिंदी सुतारांनी घडविली, आणि घडविताना आपल्या देवळांतील आकृती तिच्या पायांशी आणून ठेवल्या. लिस्बनच्या व लंडनच्या संग्रहालयांत तिचे उत्तम नमुने आहेत. त्यांच्यावर कारागिराचे नाव नसते.

कोंतादोरसंबंधी एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. तिला दोन्ही बाजूंस धातूच्या मुठी असतात आणि ती मूळच्या बैठकीपासून वेगळी करता येते. ती उचलून नेण्यासाठीच केलेली आहे. पट्टा तीन पिढ्यांचा, सेवा समुद्रापलीकडची, नेमणूक कोठेही होणारी. अशा वर्गाने आपले धन भिंतीत चिणण्याऐवजी हलविता येण्याजोग्या वस्तूंत ठेवले, हे स्वाभाविक होते. वसईच्या भग्न घरांत आज काहीच का सापडत नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

६

उरलेले अर्धे उत्तर १७३९ च्या घटनांत आहे. दीर्घ वेढ्यानंतर १६ मे १७३९ रोजी शरणागतीची कलमे ठरली. चिमाजी आप्पांनी शिबंदीस मानाने बाहेर पडू दिले, रहिवाशांस आपली जंगम मालमत्ता नेण्याची मुभा दिली आणि त्यासाठी आठ दिवसांची मुदत ठेवली. २३ मे रोजी मराठ्यांनी शहराचा ताबा घेतला. विजेत्याचे औदार्य म्हणून या कलमांचा गौरव योग्यच आहे. परंतु गृहेतिहासाच्या दृष्टीने त्यांचा परिणाम असा झाला की, दोनशे वर्षांत साठलेला घरांचा अंतर्भाग एका आठवड्यात गलबतांवर चढला. मागे राहिल्या भिंती आणि चर्चच्या घंटा. या घंटा पुढे महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील व वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटा प्रसिद्ध आहेत. घंटांवर साल ओतलेले असल्याने त्यांचा माग लागतो. पेट्यापलंगांचा तसा माग लागत नाही.

विजेत्यांची स्वतःची गृहसंस्कृती याच दशकात आकार घेत होती. पुण्यात शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. मूळ इमारतीस १६,११० रुपये खर्च आल्याचे नमूद आहे. जुन्नरच्या रानातील साग, चिंचवडच्या खाणीतील दगड आणि जेजुरीचा चुना असे त्याचे साहित्य होते. वसईच्या सोब्राडोप्रमाणे येथेही दगडाचा पाया व सागाचा वरचा भाग. परंतु अंतर्रचनेचे तत्त्व वेगळे. वाडा आत वळलेला असतो. प्रकाश चौकातून येतो, वारा चौकात खेळतो, आणि दिवाणखान्याचे सौंदर्य सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी कमानी व कोरीव तक्तपोशी यांत असते. सामान असे फार थोडे: गालिचा, लोड, तक्के, समया, चौरंग. वस्तू जमिनीलगत असल्याने नजर वर छताकडे जाते. फिरंगी घर बाहेर, समुद्राकडे पाहते. त्यात माणूस खुर्चीवर बसतो, मेजावर जेवतो, आणि खोली सामानाने ओळखली जाते. वाड्यात खोली बांधकामाने ओळखली जाते.

वसईतून जंगम मालमत्ता निघून गेल्यावर मराठी सरदारांनी फिरंगी राहणी उचलली असे काही घडले नाही. बैठक बैठकच राहिली. आरसे, हंड्या, झुंबरे या विलायती वस्तू पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात आल्या, आणि त्या बैठकीच्या वर टांगल्या गेल्या; बैठकीची जागा त्यांनी घेतली नाही. नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा, त्याचे चौक व भिंतीवरील चित्रे, हे त्या परंपरेचे आजही उभे असलेले उदाहरण आहे. शनिवारवाड्याच्या वाट्यास मात्र हे भाग्य आले नाही. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत त्याचा लाकडी अंतर्भाग भस्म झाला. तट, दरवाजे व जोती उरली. एक अंतर्गृह जहाजाने गेले, दुसरे आगीने. आज दोन्ही ठिकाणी अभ्यासकासमोर दगडच उभे आहेत.

७

यानंतर तिसरे साधन उरते ते भाषेचे. मराठी घरातील वस्तूंची नावे उगमाप्रमाणे वेगळी मांडून पाहिली असता एक लक्षणीय विभागणी दिसते. गालिचा, तक्क्या, जाजम, पडदा, तख्त, दिवाणखाना, आणि खुर्चीसुद्धा, हे शब्द फारसी-अरबीतून आले. चावी, बिजागरी, अलमारी, बादली, पिंप, घमेले हे पोर्तुगीजातून आले. काम करणारा मेस्त्री आणि सामान विकले जाते तो लिलाव हेही तेथूनच आले. ज्यावर बसावयाचे व ज्याने शोभा आणावयाची ते शब्द मराठीने दरबारातून घेतले. जे उघडावयाचे, मिटावयाचे, भरून ठेवावयाचे त्याचे शब्द फिरंग्यांकडून घेतले.

हे सर्व शब्द वसईतूनच मराठीत शिरले असे म्हणता येणार नाही. गोवा व चौल येथूनही ते आले असतील. परंतु ते कोणाच्या तोंडून आले याचा अंदाज करता येतो. दिवाणखान्यात बसणाऱ्या फिरंगी सरदाराचे शब्द, त्याच्या पदव्या व शिष्टाचार, मराठीत राहिले नाहीत. राहिले ते सुताराचे, लोहाराचे, पाणक्याचे आणि चावी सांभाळणाऱ्या चाकराचे शब्द. बिजागरी हा शब्द दार बसविणाऱ्याला लागतो. दारातून जाणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. ज्या १,८०० गुलामांचा व ज्या असंख्य गावकरी कारागिरांचा उल्लेख कागदपत्रांत केवळ आकड्याने किंवा तेवढाही होत नाही, त्यांच्या हातांचा ठसा या शब्दांत उरला आहे.

यावरून वसईच्या फिरंगी घरांसंबंधी असा निष्कर्ष काढता येतो की, त्यांच्या अंतर्रचनेचे वैभव तीन स्वतंत्र गोष्टींनी बनलेले होते. प्रकाश, वारा व सावली यांची योजना ही पहिली. ती या भूमीच्या हवामानातून व साहित्यातून आली होती. हलविता येण्याजोगे मौल्यवान सामान ही दुसरी. ते पट्टेदारांचे होते आणि त्यांच्याबरोबर गेले. तिसरी गोष्ट म्हणजे हे सारे घडविणारे व चालते ठेवणारे श्रम. ते वटारसारख्या गावांचे होते आणि ते येथेच राहिले. १७३९ नंतर रहाट थांबले नाहीत, वाड्या सुकल्या नाहीत, सुतारांची हत्यारे कोणी नेली नाहीत.

आता या पट्ट्यात पुन्हा धनिकांची सुटीची घरे उभी राहत आहेत. त्यांच्या अंतर्भागाची सजावट काच, वातानुकूलन आणि दूरदेशच्या वस्तू यांवर भर देते. तीनशे वर्षांपूर्वी याच वाड्यांत गारवा शोधणाऱ्यांना तो रहाटाच्या पाण्याने आणि शिंपल्याच्या तावदानाने मिळाला होता. घराच्या इतिहासाचा अभ्यास हा श्रीमंतीच्या वस्तूंची यादी करण्यापुरता मर्यादित ठेवला, तर वसईच्या बाबतीत ती यादी कोरीच राहील. तो अभ्यास ज्या हातांनी घर घडविले त्यांच्यापर्यंत नेला, तर मात्र वसईच्या रिकाम्या भिंतींनाही पुष्कळ काही सांगता येईल.